तासाभरावरची अक्का

माझ्या सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. शब्द कानडी, अर्थ सासू. त्यांचं माहेर दुधनीचं. तिथं घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही, असा रिवाज. मी लग्न होऊन सोलापुरातल्या या घरात आले तेव्हा मला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. जे काही शिकले ते फोनवरून. कारण दिवेलागण झाली की अत्तींचा गोव्याला फोन लागायचा, आणि त्यांचं बोलणं शेजारच्या तीन घरांना ऐकू जायचं.

गोव्यात त्यांची थोरली बहीण राहते. थोरल्या बहिणीला कानडीत अक्का म्हणतात, म्हणून आमच्या घरात लहानथोर सगळेच त्यांना अक्का म्हणतात. अक्कांच्या यजमानांनी तरुणपणी सोलापुरी चादरींचे गठ्ठे घेऊन मडगाव गाठलं. आधी दारोदार फिरून विकल्या, मग दुकान टाकलं आणि तिथलेच झाले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान मुलगा बघतो.

दोघी बहिणींचं फोनवरचं बोलणं ठरलेल्या क्रमानं चालायचं. आधी जेवणाचं, मग दुखण्याचं, मग नातेवाइकांचं. आणि शेवटी, फोन ठेवण्याआधी, अत्ती विचारायच्या, "समुद्र कसा हाय आज?"

पलीकडून अक्का सांगायच्या, "आज शांत हाय." नाहीतर, "आज लई खवळलाय बघ. होड्या आत गेल्याच न्हाईत."

अक्कांच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, ही गोष्ट आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकी पक्की होती. लग्नानंतर अक्का पहिल्यांदा माहेरी आल्या तेव्हाच त्यांनी ती सांगितली होती, आणि त्यांच्या आईनं दुधनीच्या सगळ्या पेठेत ती पोचवली होती. अत्तींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण बहिणीचा समुद्र त्यांना रोजच्या रोज कळत होता.

त्या स्वतः कधी गोव्याला गेल्या नव्हत्या, त्याला कारण गाडी. मोटारीत बसलं की त्यांना मळमळायला लागतं. सोलापूरहून अक्कलकोट एवढा रस्ता त्या लिंबू हुंगत कशाबशा काढतात. सासरे होते तेव्हा एकदा दोघं मडगावला निघाले होते. विजापूर गेलं, बेळगाव गेलं, पुढं घाट लागला. दुसऱ्याच वळणावर अत्तींनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी बहीण चांगली हाय. ती हिकडं येईल." सासऱ्यांनी गाडी वळवली. तेव्हापासून दरवर्षी अक्काच यायच्या, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला, आणि महिनाभर राहायच्या.

मग अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला वॉकर आला. येणं बंद झालं. फोन चालूच होता, पण अत्तींचा आवाज थोडा खाली आला. फोन ठेवल्यावरही त्या तो मांडीवर घेऊन बसून राहायच्या.

याच सुमारास होटगी रोडच्या आमच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. इतकी वर्षं तिथं कधीतरी पुढाऱ्यांची विमानं उतरायची, त्यामुळे सोलापूरकरांना खरं वाटायला वेळ लागला. लोक नुसतं बघायला जाऊन आले. माझ्या नवऱ्यानं एका संध्याकाळी आईला सहज सांगितलं, "अव्वा, रस्त्यानं गोवा चारशे किलोमीटरच्या वर हाय. विमान सरळ जातं, त्याला तीनशेच पडतं. तासाभरात पोचवतात."

अत्ती शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "वर घाट असतोय का?"

"वर कुठला घाट?"

"मग काढ तिकीट," त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलत राहिल्या.

मी सोबत जायचं ठरलं. शाळेला दिवाळीची सुट्टी होती; मी गणित शिकवते. अत्तींनी त्याच संध्याकाळी ही बातमी फोनवर सांगितली. अत्तींना वाटलं फोन कट झाला, म्हणून त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं.

मग अक्का म्हणाल्या, "कशाला आता? हितं अजून पाऊस हाय."

"दिवाळीत कसला पाऊस?"

"पडतोय कधी कधी. आणि घरात रंगकाम काढायचंय. मीच येते की जरा चालता आलं की."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सांगितलं, गल्लीत खोदकाम चाललंय. तिसऱ्या दिवशी सांगितलं, डास लई झालेत. अत्तींना राग आला. "चाळीस वर्षं ये ये म्हणत होती, आता येते म्हटल्यावर डास सांगायला लागली," त्या मला म्हणाल्या. त्यांना वाटलं, अक्कांच्या सूनबाईला पाहुणे नको असतील. मलाही थोडं तसंच वाटलं.

निघायच्या दोन दिवस आधी मी विमानतळापासून घर किती लांब आहे ते मोबाइलवर बघत होते. मोपाचा विमानतळ गोव्याच्या वरच्या टोकाला आणि मडगाव पार खाली, म्हणजे उतरल्यावर पुन्हा मोटार होतीच. ते बघताना अक्कांची गल्ली सापडली. गावाच्या ऐन मध्ये, बाजाराच्या मागे. मी नकाशा मोठा केला, लहान केला, फिरवून बघितला. समुद्र सापडत नव्हता. बऱ्याच डावीकडे सरकवल्यावर निळा रंग लागला. मध्ये शेतं, दोन गावं आणि रेल्वेचा रूळ.

मी नवऱ्याला फोन दाखवला. त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "मला म्हाईत हाय. मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर गेलो होतो की."

"आणि सांगितलं नाहीत?"

"कुणाला? अव्वाला? मी काय वेडा हाय?"

मी हॉलमध्ये जाऊन अक्कांच्या मुलाला फोन लावला. ते माझे दीर लागतात. म्हटलं, "भावजी, अत्ती आल्या की पहिल्यांदा खिडकीपाशी जाणार."

ते हसले. "वहिनी, आईला तोच घोर लागलाय. आठवडा झाला झोप नाही. रंगकाम काढ म्हणून माझ्या मागं लागली होती. तुम्ही या. जे होईल ते होईल."

निघायच्या सकाळी विमानतळावर आमची एकच अडचण झाली, ती भाकरीची. अत्तींनी बहिणीसाठी कडक भाकरी घेतल्या होत्या, आणि सामानात दिल्या तर मोडतील म्हणून सुती लुगड्यात बांधून जवळच ठेवल्या होत्या. मशीनमध्ये ते गाठोडं गेलं आणि पडद्यावर एकावर एक रचलेल्या गोल चकत्या दिसल्या. तिथल्या जवानानं पट्टा थांबवला.

"माताजी, ये क्या है?"

"भाकरी हाय बाबा. कडक."

त्यानं एक बोटानं वाजवून बघितली. खणखण आवाज आला. त्यानं दुसऱ्या जवानाला बोलावलं, त्यानंही वाजवली. तो दुसरा लातूरकडचा निघाला. "सोड रे," तो म्हणाला, "दोन महिने टिकते ही." अत्तींनी दोघांना एकेक देऊ केली. ड्यूटीवर घेता येत नाही, असं सांगून त्यांनी हात जोडले.

विमान लहान होतं, दोन बाजूंना दोन मोठे पंखे असलेलं. अत्ती शिडीशी थांबून त्याकडे बघत राहिल्या. "पंखा बाहेर लावलाय," त्या मला हळूच म्हणाल्या, "आत उकडंल." आत उकडलं नाही. मी पर्समध्ये लिंबू ठेवलं होतं, पिशव्या ठेवल्या होत्या, गोळी तर घरूनच दिली होती. विमान उठलं तेव्हा त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मग हात सैल झाला. त्या खिडकीला नाक लावून बसल्या. खाली ज्वारीचे चौकोन, उसाचे हिरवे पट्टे, मध्येच एखादा तलाव. बऱ्याच वेळानं खालची जमीन दुमडायला लागली आणि दाट हिरवी झाली.

"ह्योच का तो घाट?" त्यांनी विचारलं.

"हाच असणार."

त्यांनी खाली असं पाहिलं, जसं एखाद्या जुन्या भांडखोर शेजाऱ्याला गच्चीवरून पाहावं. तोंडात लिंबाची गोळी फिरवत म्हणाल्या, "एवढासाच हाय की."

विमानात त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. झालं ते नंतर. भावजी गाडी घेऊन आले होते आणि मोपा ते मडगाव रस्त्यावर गर्दी. पूल, वळणं, पुन्हा पूल. वाटेत तीनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा अत्ती तोंड धुऊन आल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "तीनशे किलोमीटर आणलं त्यानं उचलून, आणि तू एवढ्याशा रस्त्यात जीव काढलास." भावजी बिचारे माफी मागून मोकळे झाले.

अक्कांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. जिना चढून वर गेलो तर अक्का वॉकर धरून दारातच उभ्या. नवं पातळ नेसल्या होत्या, केस चापून बसवले होते.

"बंद्या?" त्या म्हणाल्या. आलीस का, एवढाच त्याचा अर्थ.

अत्तींनी आधी खाली वाकून बहिणीचा गुडघा चाचपला, मग चेहरा. त्यानंतर दोघी थोडा वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. त्यांचं पुढचं सगळं बोलणं कानडीतच झालं. मला समजलं तसं मी सांगते.

आत पलंगामागे खिडकी होती. तिला जाड पडदा, तोही ओढून घेतलेला. अक्कांनी अत्तींना खिडकीकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं. चहा आला. चिवडा आला. अक्का एकसारख्या बोलत होत्या, डॉक्टरबद्दल, गोळ्यांबद्दल, दुकानाबद्दल, जणू मध्ये फट राहिली तर काहीतरी आत शिरेल. सूनबाई चांगल्या हसऱ्या होत्या, पण त्याही सारख्या माझ्याकडे बघत होत्या. अत्तींनी चहा संपवला, बशी खाली ठेवली, उठल्या आणि पडदा बाजूला केला.

बाहेर शेजाऱ्यांचं अंगण होतं. एक पपईचं झाड, पाण्याची काळी टाकी, दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या आणि पलीकडे शेवाळ धरलेली भिंत.

अत्ती तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. मी पाठीमागून त्यांचा फक्त अंबाडा बघत होते. अक्का वॉकरच्या दांड्याला घट्ट धरून खाली मान घालून बसल्या होत्या. भावजी हळूच बाहेर सटकले.

"अक्का," अत्ती न वळता म्हणाल्या, "आज समुद्र लई लांब गेलाय की."

अक्कांनी वर पाहिलं. अत्ती वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा आधी गंभीर होता, मग ओठांचा कोपरा हलला. त्यानंतर दोघी ज्या हसत सुटल्या, त्या थांबायलाच तयार नव्हत्या. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसण्याचं की दुसरं कसलं, हे मला कळलं नाही. सूनबाईंनी पाणी आणून दिलं.

"लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा आई रडायची थांबेना," अक्का सांगायला लागल्या. "पोरगी एवढ्या लांब दिली, कुणाचं तोंड बघत असंल म्हणून. तेव्हा तोंडातून निघून गेलं, खिडकीतून समुद्र दिसतोय, लई गार वारा येतोय. ती गप झाली. पदरानं डोळे पुसून शेजारणीला सांगायला गेली. आता परत कसं घ्यायचं? आई गेल्यावर तुला सांगणार होते. तर तू रोज विचारायला लागलीस, समुद्र कसा हाय म्हणून."

"आणि तू रोज सांगत होतीस. खवळलाय, शांत हाय, होड्या आल्या. मनानंच?"

"मनानं कसं सांगीन?" अक्कांना हे मात्र लागलं. "खोटं न्हाय सांगितलं कधी. मासेवाली येते की गल्लीत सकाळी. कोळव्याची हाय, समुद्राकाठची. तिला विचारून ठेवायचे आणि संध्याकाळी तुला सांगायचे."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अक्कांच्याही नाही. मी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं: वर्षानुवर्षं एक शाकाहारी बाई सकाळी जिन्यातून मासेवालीला हाक मारते, मासळीकडे बघत नाही, समुद्राची चौकशी करते आणि दार लावून घेते. सूनबाई म्हणाल्या, आधीची मासेवाली थकल्यावर तिची सून यायला लागली, तेव्हा जुनीनं तिला घरं समजावून दिली होती. या घरात मासळी विचारू नकोस, फक्त दर्या सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा अत्ती जिन्यात तयारच होत्या. पाटी डोक्यावर असलेल्या त्या बाईला अक्कांनी ओळख करून दिली, ही माझी बहीण, हिच्यासाठीच विचारत होते. मासेवाली अत्तींकडे बघून हसली आणि कोकणी, मराठी मिसळून म्हणाली, "एवढं विचारता तर जाऊन बघा की बाय. दर्या काय पैसे घेत नाही."

मग उघडकीला आलं की अक्का स्वतःसुद्धा समुद्रावर फार गेल्या नव्हत्या. सुरुवातीला दुकान, मग मुलं, मग यजमानांचं आजारपण. पाहुणे आले की त्यांना यजमान घेऊन जायचे आणि अक्का स्वयंपाकाला मागे राहायच्या. अत्तींनी हे ऐकलं आणि भाच्याला सांगितलं, आज दुकान अर्धा दिवस बंद.

संध्याकाळी कोळव्याला गेलो. रस्ता सरळ आणि थोडाच, त्यामुळे लिंबू लागलं नाही. वाळू सुरू झाली तिथं अक्कांचा वॉकर रुतला. भावजींनी जवळच्या हॉटेलातून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि अक्कांना वाळूच्या कडेला बसवलं.

"हितनं दिसतंय की," अक्का म्हणाल्या.

"दिसायचं झालं तर खिडकी होतीच," अत्ती म्हणाल्या. "पुढं न्या हिला."

हॉटेलातले दोन वेटर आले. त्यांनी आणि भावजींनी मिळून अक्कांसकट खुर्ची उचलली. अक्का घाबरून कानडीत देवाचा धावा करत होत्या आणि अत्ती बाजूनं चालत, "डावीकडं कलली, डावीकडं कलली," असं सांगत होत्या. ओल्या वाळूवर खुर्ची ठेवली. अत्तींना दुसरी आणून दिली. पाणी आलं, दोघींचे पाय भिजवून परत गेलं. परत जाताना पायाखालची वाळू सरकली तेव्हा अत्तींनी पटकन पाय वर घेतले, मग हळूच पुन्हा खाली ठेवले.

मला वाटलं होतं, पहिल्यांदा समुद्र बघून त्या काहीतरी मोठं बोलतील. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "केवढा आवाज करतोय हा. फोनवर कधी आला न्हाई. आपल्या कुणाच्या ध्यानातच न्हाई आलं."

"माझ्या आलं होतं," अक्का म्हणाल्या. "म्हणून पंखा लावून बोलायचे."

आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. खुर्च्यांचे पैसे हॉटेलवाला घेईना, तेव्हा अत्तींनी त्याला पिशवीतली सोलापुरी शेंगाची चटणी देऊन टाकली.

परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं होतं. आदल्या दिवशी अक्का फुगून बसल्या. त्या सोलापूरला यायच्या तेव्हा महिनाभर राहायच्या, आणि ही चौथ्या दिवशी निघाली. अत्तींचं म्हणणं असं की लांबून आलेला पाहुणा महिनाभर राहतो, तासाभरावरून आलेल्यानं ताण देऊ नये. दोघींचा त्यावर दुपारभर वाद चालला. अक्का म्हणाल्या, "विमान तासाचं असंल. तुला यायला चाळीस वर्षं लागली. त्या हिशोबानं राहा."

मी गणिताची शिक्षिका, पण हा हिशोब मला खोडून काढता आला नाही. अत्तींनाही आला नाही. मी एकटीच निघाले. अत्तींचं तिकीट पुढं ढकललं.

सोलापूरला बाहेर आले तर नवरा माझ्या मागे बघत होता. "अव्वा कुठाय?"

"राहिल्या."

"किती दिवस?"

"विचारलं नाही," मी म्हटलं. खरंच विचारलं नव्हतं.

पंधरा-वीस दिवस घर फार शांत होतं. संध्याकाळी फोन यायचा, पण आता तिकडून दोघी एकदम बोलायच्या आणि आमचं ऐकायला कुणी नसायचं. अत्ती तिथं मासेवालीच्या सासूला भेटून आल्या. अक्कांना वॉकरशिवाय जिन्यापर्यंत चालवायला लागल्या. सूनबाईंना धपाटे शिकवले. एका सकाळी त्यांनी आम्हाला कळवलं की त्या दुसऱ्या दिवशीच्या विमानानं येत आहेत, एकट्या, आणि कुणी न्यायला गोव्यात यायची गरज नाही.

आम्ही दोघं विमानतळावर वेळेच्या फार आधी जाऊन उभे राहिलो. प्रवासी बाहेर यायला लागले. सगळ्यांच्या शेवटी अत्ती आल्या, हातात काही नाही. मागून एक तरुण जोडपं त्यांची पिशवी आणि एक भलं मोठं कोहळं घेऊन येत होतं. नवरा-बायको दोघं हैदराबादचे, सोलापूरला पहिल्यांदाच आले होते.

"ह्यांना रविवारी जेवायला बोलावलंय," अत्तींनी मला सांगितलं. "आणि ऐक, वरची खोली झाडून घे. गड्ड्याला अक्का येतीय. तिचं तिकीट मीच काढायला लावलंय."

"किती दिवस राहणार?" नवऱ्यानं विचारलं.

"ते ती आल्यावर बघू की," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसायच्या आधी त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी लिंबू दिलं.